ड्राइव्ह ॲक्सलचे गिअर व बेअरिंग : सफाई आणि तपासणी

इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पोहोचवणारा ॲक्सल ओव्हरहॉलसाठी खोलल्यावर त्यातील क्राऊन व्हील (मोठे दातेरी चाक), पिनियन (त्याला फिरवणारा छोटा गिअर), डिफरन्शियलचे (वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या यंत्रणेचे) छोटे गिअर आणि बेअरिंग धुऊन पारखण्याचे काम. यात ‘आधी धुवा, मग बघा’ हा सर्वसाधारण क्रम अर्धाच बरोबर आहे. बिघाडाचा बराचसा पुरावा मळातच असतो आणि धुलाईबरोबर तो वाहून जातो.

म्हणून पहिली तपासणी तेल काढतानाच होते. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक करडा लगदा साचणे स्वाभाविक आहे. बोटांना टोचणारे कपचे किंवा गिअरच्या दाताचा तुकडा मात्र नाही. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे, आणि मग हाउसिंगवरचा (ॲक्सलच्या बाहेरच्या कवचावरचा) ब्रीदर म्हणजे हवा ये-जा करण्याचे छिद्र व तेल बाहेर गळू न देणारे ऑइल सील हेही संशयित ठरतात. बेअरिंग जागेवर धरणाऱ्या कॅप सोडवण्यापूर्वी डाव्या-उजव्या खुणा कराव्यात. या कॅप हाउसिंगसोबतच कातलेल्या असल्याने अदलाबदल चालत नाही. शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) याही जागेनुसार वेगळ्या ठेवाव्यात.

गिअर व हाउसिंग रॉकेल, डिझेल किंवा सफाईच्या द्रावकात ब्रशने धुतात. पेट्रोल भडका घेते, ते वापरू नये. बेअरिंग वेगळ्या, स्वच्छ द्रावकात धुवावे, कारण हाउसिंगमधला कचरा रोलरमध्ये अडकला की नवे ओरखडे पडतात. कॉम्प्रेसरच्या हवेने बेअरिंग गरगर फिरवून वाळवण्याची खोड अनेकांना असते. आवाज छान येतो, पण तेलाविना फिरणारे रोलर व त्यांची वाट (ज्या पृष्ठभागावर ते फिरतात तो) खरवडली जाते, आणि एखादा रोलर सुटून उडाला तर इजा होते. वाळल्यावर लगेच तेल लावावे. घामट बोटाचा ठसाही गंज धरतो.

टेपर (निमुळत्या) रोलर बेअरिंगचा कप (बाहेरचे कडे) आणि कोन (रोलरसह आतले कडे) एकत्रच पाहतात व एकत्रच बदलतात. वाटेवरचे पोपडे धातूच्या थकव्याची खूण. निळसर झाक आली असेल तर बेअरिंग फार तापले आहे. तपकिरी डाग मात्र कधीकधी नुसती तेलाची साय असते. ती पुसून निघते. रोलरच्या अंतरावर बरोबर बसणारे खळगे गाडी दीर्घकाळ उभी राहून हादरे खात असल्यास पडतात. वाटेवर धुण्याच्या फळीसारख्या आडव्या रेघा दिसल्या तर गाडीवर कुठे वेल्डिंग झाले होते का, हे विचारावे: अर्थिंग चुकीच्या जागी लावले की प्रवाह बेअरिंगमधून जातो.

क्राऊन व्हील व पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. त्यामुळे एकाचा दात गेला तरी जोडी बदलतात. दातांचा कठीण थर वरवरचाच असतो. तो सोलल्यावर घासून गुळगुळीत करण्यात अर्थ नाही. हायपॉइड रचनेत पिनियनचा अक्ष क्राऊनच्या अक्षापासून बाजूला सरकलेला असतो, दात एकमेकांवर बरेच घसरतात. म्हणून जास्त दाब सोसणारे तेल लागते. दातांवर लांबट ओरखडे दिसले तर तेल कमी होते किंवा चुकीचे होते, हा पहिला तर्क.

डिफरन्शियलचे छोटे गिअर ज्यावर फिरतात त्या क्रॉस शाफ्टवरची झीज आणि त्या गिअरमागच्या थ्रस्ट वॉशरची जाडी अनेकदा दुर्लक्षित राहते. ॲक्सिलरेटर दाबताना वा सोडताना येणारा ‘खट्ट’ आवाज तिथलाही असू शकतो.

जोडणीनंतर पिनियनचा प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला ताण) तो फिरवायला लागणाऱ्या टॉर्कवरून, म्हणजे पिळाच्या जोरावरून, तर क्राऊनचा बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजने मोजतात. आकडे त्या-त्या मॉडेलच्या पुस्तिकेतलेच घ्यावेत. शेवटी दातांना खुणेचा रंग लावून फिरवले, की ठसा दाताच्या मध्यभागी आला की टोकाकडे सरकला ते दिसते, आणि तो सरकला असेल तर शिम पुन्हा बदलाव्या लागतात.