सुलेमान मन्सूर यांची माती आणि नबील अनानी यांचं चामडं

सुलेमान मन्सूर आणि नबील अनानी या दोन पॅलेस्टिनी चित्रकारांच्या १९८७ नंतरच्या कलाकृती स्क्रीनवर पाहताना हमखास गल्लत होते. दोन्हीकडे तपकिरी आणि मेंदीचे रंग, खडबडीत पोत. त्यात दोघं एकाच पिढीचे (अनानींचा जन्म १९४३चा, मन्सूर यांचा १९४७चा) आणि एकाच गटातले. पण मन्सूर यांचं माध्यम आहे माती, अनानींचं चामडं. हे ओळखता आलं नाही, तर चित्रातलं अर्धं म्हणणं निसटतं.

डिसेंबर १९८७मध्ये पहिला इंतिफादा, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्धचा पॅलेस्टिनी उठाव, सुरू झाला आणि इस्रायली मालावर बहिष्काराची हाक आली. वेस्ट बँकेतल्या चित्रकारांना रंग-कॅनव्हास मिळायचे ते इस्रायली बाजारातूनच. मन्सूर, अनानी, वेरा तमारी आणि तायसीर बरकात या चौघांनी 'न्यू व्हिजन्स' हा गट काढला, ते सामान बाजूला ठेवलं आणि आपल्या भूमीतून मिळेल ते हाती घेतलं. तमारीही मातीत काम करतात, पण त्यांची माती भाजलेली असते. मन्सूर यांची कच्ची. बरकात यांनी लाकूड जाळून त्यावर आकृत्या उमटवल्या.

मन्सूर लाकडी फळीवर माती आणि पेंढा यांचा थर देतात. गावाकडे घरं, चुली, मधमाश्यांची पोळी ठेवायची भांडी याच मिश्रणातून व्हायची. आपल्याकडे भिंती लिंपायला माती मळतात, तसंच हे काम. थर सुकताना पाणी उडतं आणि माती आकसते. खालची फळी मात्र आकसत नाही, म्हणून वरच्या थरावर ताण येतो आणि तो तडकतो. थर पातळ असेल तर भेगा बारीक आणि दाट पडतात. जाड असेल तर मोठमोठी ढेपळं सुटतात. पेंढा ताण वाटून घेतो, पण एक-दोन सेंटिमीटरपेक्षा लांब ठेवला तर पृष्ठभागातून काड्या वर येतात. उन्हात घाईनं वाळवलं की वरची साय आधी कडक होते आणि कडा वर वळतात. सावलीत, संथ वाळवणं बरं. फळीच्या एकाच बाजूला ओल लागली तर तीही वाकते, म्हणून मागं आडव्या पट्ट्या हव्यात.

मन्सूर यांनी या भेगा बुजवल्या नाहीत. १९९०च्या दशकातल्या 'मी, इस्माईल' या मालिकेत माणसाचा देहच तडकलेल्या जमिनीसारखा दिसतो. भेगा चेहऱ्यातून, छातीतून आरपार जातात. जमीन तुटते तसा माणूस तुटतो हे तिथं रंगवून दाखवावं लागत नाही. माझ्या मते त्यांचं सगळ्यात धाडसी काम हेच.

चामड्याचं तंत्र याच्या नेमकं उलट आहे. माती सुटत जाते, चामडं धरून ठेवतं. वनस्पतींच्या सालीनं कमावलेलं चामडं भिजवलं की मऊ पडतं. ते लाकडावर ताणून, लाकडावरच्या उठावांवर (वर आलेल्या आकारांवर) दाबून, कडेनं खिळवायचं. सुकताना ते आकसतं आणि आकार घट्ट पकडतं. खिळे लांब-लांब ठोकले तर कडेला झालर पडते, आणि पातळ कातडं खिळ्याच्या भोकापाशी फाटतं. अनानी अशा ताणलेल्या चामड्यावर मेंदीसारखे नैसर्गिक रंग वापरतात. मेंदी कातड्यात मुरते आणि हवेनं आणखी गडद होते, पण तेलकट डाग असेल तिथं चढतच नाही, म्हणून आधी पृष्ठभाग पुसून घ्यावा लागतो. हा प्रयोग कोकणात पावसाळ्यात करू नये: चामडं सैल पडतं आणि बुरशी धरतं.

अनानींच्या या कामात गावाचं घरगुती अंग दिसतं: कातडं, मेंदी, हातानं बनवलेल्या वस्तूंची ऊब. मन्सूर यांच्याकडे जमीन स्वतःच फळीवर येऊन बसते.

फोटो मोठा करून पाहा. भेगांचं जाळं असेल, भेगेच्या कडा चुरा झाल्यासारख्या असतील, मध्ये काडी दिसत असेल, तर माती. सलग पृष्ठभाग, सुरकुत्या, गोलाई घेतलेले उठाव, कडेला खिळे किंवा शिवण असेल, तर चामडं. खाली 'मिश्र माध्यम' एवढंच लिहिलं असेल तर त्यावर विसंबू नका.

दोघांच्या कॅनव्हासवरच्या रंगचित्रांना मात्र ही कसोटी लागत नाही. तिथं विषय पाहावा लागतो. पाठीवर जेरुसलेम वाहणारा म्हातारा हमाल, म्हणजे 'जमल अल्-महामिल', हे १९७३चं चित्र मन्सूर यांचं. त्यांच्याकडे माणूस सहसा पुढं, मोठा आणि भार पेलणारा असतो. अनानींच्या निसर्गचित्रांत टेकड्यांच्या पायऱ्या-पायऱ्यांची शेतं आणि ऑलिव्हच्या रांगा थेट क्षितिजापर्यंत भरतात. २०२०च्या सुमाराच्या त्यांच्या टेकड्यांवर इस्रायली वसाहती नाहीत, इस्रायलनं वेस्ट बँकेत बांधलेली विभाजक भिंत नाही, आणि हे दोन्ही मुद्दामच वगळलेलं आहे.