लाइम पार्कच्या माथ्यावरील चौकोनी मजला : पार्श्वभूमी

इंग्लंडच्या चेशायर परगण्यातील लाइम पार्क हा वाडा मुळात सोळाव्या शतकातला असला, तरी दक्षिणेच्या तळ्याकडून पाहताना तो इटलीतल्या एखाद्या राजवाड्यासारखा भासतो. हे रूप त्याला १७२०च्या दशकात सुरू झालेल्या कामाने दिले. जुनी वास्तू पाडून नवी उभारण्यापेक्षा तिचा दर्शनी भाग बदलणे कमी खर्चाचे होते; शिवाय जुन्या भिंती घराण्याच्या प्रतिष्ठेची साक्ष देत, म्हणून अनेक इंग्लिश जमीनदारांनी तेव्हा हाच मार्ग पत्करला. व्हेनिसमध्ये जन्मलेल्या वास्तुकाराने येथे दक्षिणेला आयोनिक (माथ्याशी वळणदार गुंडाळ्या असलेल्या) स्तंभांचा भव्य दर्शनी भाग उभारला, आतल्या वेड्यावाकड्या चौकाभोवती कमानी घालून त्याला शिस्त आणली, आणि लांब दालनासारख्या एलिझाबेथकालीन खोल्या मात्र राखल्या. जुने आणि नवे शेजारी शेजारी नांदू देणारा हा संयम त्या काळात सर्वत्र आढळत नाही.

वाड्याचे रूप बिघडवते म्हणून वादाचा विषय ठरलेली भर मात्र त्यानंतरची आहे. १८१६नंतरच्या फेरबदलांत दक्षिण दर्शनी भागाच्या त्रिकोणी शिखरामागे, थेट छपरावर, एक चौकोनी मजला चढवण्यात आला. त्याचे प्रयोजन साधे होते: नोकरांना निजण्यासाठी खोल्या हव्या होत्या. १७२०च्या दशकातल्या वास्तुकाराने इथे घुमट योजला होता, पण तो कधी उभारला गेला नाही; त्याऐवजी नंतरच्या वास्तुकाराने सपाट माथ्याची ही ठोकळेबाज रचना केली. शिखरावर नेपच्यून, व्हीनस आणि पॅन या प्राचीन देवतांचे शिशाचे पुतळे आहेत. खालून पाहताना त्यांच्या पाठीशी आकाश असायला हवे होते, तिथे आता दगडी भिंत येते. घुमटाने दर्शनी भागाची मध्यरेषा वर नेऊन संपवली असती. या ठोकळ्याने ती दाबून टाकली, असे आक्षेपकांचे म्हणणे आहे आणि ते पटण्याजोगे आहे. तरीही तो काढून टाकावा, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. मोठ्या घराचा दिमाख ज्यांच्या श्रमांवर उभा होता, त्यांच्या निवाऱ्याची सोय वाड्याच्या दर्शनी रूपात उघडपणे दिसावी, असे प्रसंग थोडेच.

१९४६ मध्ये मालक घराण्याने हा वाडा वारसा जपणाऱ्या विश्वस्त संस्थेकडे सोपवला. १८३०पूर्वीची ही भर आता वाड्याच्या इतिहासाचाच भाग मानली जाते, आणि ती आजही जागच्या जागी आहे.