‘तू कोण?’ आणि ‘कुणाचा रं तू?’ : रेल्समधले दोन ‘टाइप’ कॉलम

रेल्सचं, म्हणजे रूबी भाषेतल्या वेब फ्रेमवर्कचं, एखादं जुनं ॲप्लिकेशन हातात आलं की मी आधी स्कीमा फाइल (डेटाबेसच्या टेबलांचा आराखडा) उघडतो आणि ‘टाइप’ हा शब्द शोधतो. तो दोन तऱ्हांनी सापडतो. एखाद्या टेबलात नुसताच ‘टाइप’ नावाचा कॉलम असतो. दुसऱ्या टेबलात ‘इमेजेबल टाइप’ असा कॉलम असतो आणि त्याला लागूनच ‘इमेजेबल आयडी’. दोन्हीकडे आत क्लासचं नाव लिहिलेलं असतं, म्हणून नव्याने शिकणाऱ्याला वाटतं की गोष्ट एकच आहे. पहिला कॉलम सिंगल टेबल इनहेरिटन्सचा, म्हणजे एसटीआयचा: एकाच टेबलात अनेक उपक्लास. दुसरा पॉलिमॉर्फिक असोसिएशनचा: ज्यात मालक वेगवेगळ्या टेबलांतला असू शकतो अशा नात्याचा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींचा सर्वांत जास्त गोंधळ या जोडीत होतो.

सोलापूरच्या पूर्व भागात गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या पोराचा चेंडू ओसरीवर आला, की म्हातारी त्याला ‘कुणाचा रं तू?’ असं विचारते. पोराचं नाव तिला नको असतं, घर हवं असतं. पॉलिमॉर्फिकचा टाइप नेमकं हेच सांगतो: ही ओळ कुणाची आहे, तिचा मालक कुठल्या टेबलात राहतो. एसटीआयचा टाइप सांगतो की ही ओळ स्वतः कोण आहे. हा फरक मनात पक्का बसला, की बाकीचं त्यातूनच निघतं.

अक्कलकोट रोडच्या एका यंत्रमाग कारखान्यासाठी मी ऑर्डरींचं ॲप्लिकेशन लिहिलं, तिथलंच उदाहरण घेतो. कारखान्यात चादरी आणि टेरी टॉवेल दोन्ही निघतात. भौगोलिक मानांकनात सोलापूरची चादर आणि सोलापूरचा टेरी टॉवेल अशा दोन वेगळ्या नोंदी आहेत, पण कारखानदाराच्या दरपत्रकावर दोघं एकाखाली एक बसतात. लांबी, रुंदी, वजन, रंग आणि दर दोघांनाही लागतात. चादरीला वरून जॅकार्डचं डिझाइन लागतं, टॉवेलला जीएसएम (दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) आणि पाइल (वर उभे राहणारे धाग्यांचे फासे). म्हणजे बहुतेक कॉलम सामायिक, दोन-तीनच वेगळे. इथे एसटीआय शोभतं. ‘प्रॉडक्ट’ हे एकच टेबल, आणि ‘चादर’ व ‘टॉवेल’ हे त्याचे दोन उपक्लास. ‘टॉवेल’ क्लासला सगळे रेकॉर्ड मागितले, की रेल्स त्याच टेबलावर क्वेरी चालवतं आणि टाइप टॉवेल असण्याची अट स्वतःहून लावतं.

आता फोटो. कारखान्यात फोटो कशाचेही काढतात: तयार मालाचे, ऑर्डरसोबत आलेल्या नमुन्याचे, विणीत दोष आलेल्या बीमचे (ताण्याचे धागे गुंडाळलेला रूळ). फोटो सगळीकडे फोटोच असतो, त्याची जात बदलत नाही. बदलतो तो मालक. म्हणून ‘फोटो’ या मॉडेलमध्ये, म्हणजे टेबलाशी जोडलेल्या क्लासमध्ये, एकच पॉलिमॉर्फिक ‘बिलाँग्स टू’ (याचा मालक अमुक) आणि पलीकडे ऑर्डर, बीम, प्रॉडक्ट या प्रत्येकात ‘हॅज मेनी’ (याचे अनेक फोटो), ‘ॲज इमेजेबल’ असं सांगून. एखाद्या ओळीत इमेजेबल टाइप ‘ऑर्डर’ आणि आयडी 12 असेल, तर तो बारा क्रमांकाच्या ऑर्डरचा फोटो. टाइप ‘बीम’ आणि आयडी तोच 12 असेल, तर मालक पार वेगळा. म्हणून नुसत्या आयडीवर कधीही शोधू नका. इंडेक्सही (शोध जलद करणारी सूची) टाइप आणि आयडी या दोन कॉलमांचा मिळून हवा. मायग्रेशनमध्ये (डेटाबेस बदलणाऱ्या फाइलमध्ये) ‘रेफरन्सेस’ वापरून पॉलिमॉर्फिक म्हटलं, तर रेल्स 5 पासून तो आपोआप बनतो.

डेटाबेसच्या नजरेतून पाहिलं की या दोघांतली दरी खरी दिसते. एसटीआयमध्ये टेबल एकच असल्यामुळे ऑर्डरच्या ओळीतल्या ‘प्रॉडक्ट आयडी’वर साधी फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलात ती ओळ असलीच पाहिजे ही अट, लावता येते, आणि नसलेल्या मालाची ऑर्डर डेटाबेस घेतच नाही. तिथली अडचण निराळी आहे. जीएसएमचा कॉलम चादरीच्या ओळीत रिकामाच राहणार, म्हणून त्याला सरसकट ‘नॉट नल’ (रिकामं चालणार नाही) करता येत नाही. उपाय चेक कन्स्ट्रेंटचा, म्हणजे डेटाबेसने प्रत्येक ओळीवर तपासायच्या अटीचा: टाइप टॉवेल असेल तर जीएसएम हवाच. रेल्स 6.1 पासून हे मायग्रेशनमध्येच लिहिता येतं, आणि मी ते नेहमी लिहितो. मॉडेलमधलं व्हॅलिडेशन (जतन करण्याआधी रेल्सने केलेली तपासणी) कुणीही ओलांडून जाऊ शकतं, डेटाबेसमधली अट ओलांडता येत नाही.

पॉलिमॉर्फिकला हे संरक्षण नाही. फॉरेन की एका कॉलमाला एकाच ठरलेल्या टेबलाशी बांधते. इमेजेबल आयडी आज ऑर्डरकडे बोट दाखवतो, पुढच्या ओळीत बीमकडे. त्यामुळे मालक गेला तरी फोटो मागे राहतात आणि डेटाबेसला त्याचं काहीच वाटत नाही. ‘डिपेंडंट डिस्ट्रॉय’ (मालकाबरोबर त्याचे फोटोही काढ) लिहिलं तरी ते ‘डिस्ट्रॉय’ केल्यावरच चालतं. ‘डिलीट’ किंवा ‘डिलीट ऑल’ कॉलबॅक (ओळ काढताना आपोआप चालणारा कोड) न चालवता थेट ओळी काढतं. मी एकदा जुन्या ऑर्डरी ‘डिलीट ऑल’ने साफ केल्या, आणि पुढे फोटोंच्या यादीचं पान कोसळलं, कारण मालक म्हणून रिकामं हाती येत होतं. चूक माझी होती. तेव्हापासून बेवारस ओळी शोधणारं एक रात्रीचं काम मी पॉलिमॉर्फिक टेबलाबरोबरच लिहितो.

क्वेरींचंही तसंच. फोटोंच्या यादीसोबत मालक हवे असतील तर ‘प्रीलोड’ (आधीच आणून ठेवणं) चालतं. रेल्स प्रत्येक प्रकारासाठी वेगळी क्वेरी करून सगळे मालक एकदम आणतं. पण फोटोवरून ‘इमेजेबल’शी थेट ‘जॉइन्स’ (एकाच क्वेरीत टेबलं जोडणं) करायला गेलात तर एरर येते, कारण जोडायचं कुठल्या टेबलाशी हे ओळ वाचल्याशिवाय ठरतच नाही.

खरी पंचाईत दोन्ही एकत्र येतात तेव्हा होते. टॉवेलला फोटो जोडला, तर इमेजेबल टाइपमध्ये काय लिहिलं जाईल? बहुतेक जण सांगतात, ‘टॉवेल’. रेल्स लिहितं ‘प्रॉडक्ट’. पॉलिमॉर्फिकला मालकाचं घर हवं असतं आणि घर म्हणजे टेबल, म्हणून तिथे मूळ क्लासचं नाव जातं. टॉवेल की चादर, हे प्रॉडक्टच्या टेबलातला स्वतःचा टाइप कॉलम सांगेलच. विचार केला तर हे अगदी बरोबर आहे: एकाच ओळीचा मालक दोन नावांनी नोंदला जात नाही.

कारखान्याचे जुने फोटो आम्ही एक्सेलवरून भरले, तेव्हा हेच नडलं. भरणाऱ्या स्क्रिप्टने थेट एसक्यूएलने इमेजेबल टाइपमध्ये ‘टॉवेल’ लिहिलं. मग फोटो उघडला की मालक बरोबर दिसायचा, कारण रेल्स त्या नावाचा क्लास शोधून त्यातला रेकॉर्ड आणतं. पण टॉवेलचं पान उघडलं की फोटो शून्य, कारण तिकडून क्वेरी ‘प्रॉडक्ट’ या नावाने जाते. एका बाजूने नातं दिसतं, दुसऱ्या बाजूने नाही. असं लक्षण दिसलं तर बाकी काही उलगडत बसण्याआधी टाइप कॉलममधल्या वेगवेगळ्या नावांची यादी काढा. आमचं काम एका अपडेटने भागलं. टाइपवर हाताने ‘व्हेअर’ लिहिण्यापेक्षा ‘इमेजेबल’ला रेकॉर्डच द्यावा, म्हणजे नाव ठरवण्याचं काम रेल्सकडे राहतं.

क्लासचं नाव बदललं की दोन्हीकडच्या जुन्या ओळी अडतात. एसटीआयमध्ये उपक्लास सापडत नाही म्हणून एरर येते, पॉलिमॉर्फिकमध्ये मालकाचा क्लास सापडत नाही म्हणून. नाव बदलणाऱ्या बदलासोबत ओळी बदलणारं मायग्रेशन हवंच. आणि फॉर्ममधून आलेला टाइप जसाच्या तसा कधीही वापरू नका. परवानगी असलेल्या नावांच्या यादीशी आधी ताडून बघा.

चादर आणि टॉवेलच्या जागी एखाद्याच्या मालाचे प्रकार फारच वेगळे असतील, प्रत्येकाचे दहा-दहा स्वतंत्र कॉलम असतील, तर एसटीआयचं टेबल रिकाम्या चौकटींनी भरतं. त्यासाठी रेल्स 6.1 मध्ये, म्हणजे 2020 च्या डिसेंबरात, डेलिगेटेड टाइप आले. सामायिक गोष्टी एका टेबलात, प्रत्येक प्रकाराच्या खास गोष्टी त्याच्या स्वतःच्या टेबलात. ते आतून पॉलिमॉर्फिकच्याच टाइप आणि आयडीवर चालतं, पण उत्तर देतं ‘तू कोण?’ या प्रश्नाचं. म्हणून मी ते शेवटी शिकवतो, आधी शिकवलं तर दोन्ही प्रश्न एकमेकांत मिसळतात.

पैशांच्या टेबलात मात्र मी पॉलिमॉर्फिक लावत नाही. याच कारखान्यात पावती ऑर्डरची असते, नाहीतर जॉबवर्कची (दुसऱ्याच्या मालावर मजुरीने केलेल्या कामाची). मालक दोनच, आणि ते वाढण्याची चिन्हं नाहीत. तिथे ‘ऑर्डर आयडी’ आणि ‘जॉबवर्क आयडी’ असे दोन वेगळे कॉलम ठेवले, दोघांवर फॉरेन की लावली, आणि दोघांपैकी नेमका एकच भरलेला असावा अशी चेक कन्स्ट्रेंट घातली. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ‘नम नॉननल्स’ हे भरलेले कॉलम मोजणारं फंक्शन त्यासाठी एका ओळीत पुरतं. कोड दोन-चार ओळींनी वाढला. पण पावती असलेली ऑर्डर आता कुठल्याही स्क्रिप्टने काढायला गेलं, तरी डेटाबेस ती काढू देत नाही.