नाईट सफारी आणि जंगलातला मुक्काम: एकच समजून बुकिंग करू नका

जंगल ट्रिपची पॅकेजं चाळताना एक घोळ हमखास होतो. एकीकडे लिहिलेलं असतं नाईट सफारी, दुसरीकडे ओव्हरनाईट टूर विथ गाईड, दोन्हीच्या फोटोत अंधार आणि डोळे चमकणारं कायतरी जनावर, आणि आपण धरून चालतो की दुसऱ्यात पहिलं आलंच, कारण रात्रभर जंगलात ठेवणार म्हणजे रात्री फिरवतीलच ना. तर नाही. बऱ्याच नॅशनल पार्कांमध्ये आत झोपता येतं पण अंधार पडल्यावर ट्रेलवर पाऊल टाकता येत नाही, आणि जिथे रात्री मस्त फिरवतात तिथे बरेचदा तुमचा बेड गेटच्या बाहेर असतो. म्हणजे दोन्हीत रात्र आहे, पण विकतायत वेगवेगळ्या गोष्टी.

नाईट सफारी म्हणजे अंधार पडल्यावरचे दोन-तीन तास. पायी, जीपमधून किंवा बोटीतून, टॉर्च मारत निशाचर प्राणी शोधायचे आणि परत येऊन झोपायचं. मुक्कामी ट्रिप म्हणजे पार्कच्या आत बेड, एकाच गाईडसोबत सलग दोन दिवस, आणि खरं सांगायचं तर तिथे पैसे रात्रीचे नसतात, संध्याकाळचा शेवटचा तास आणि पहाटेचा पहिला तास यांचे असतात. (सिंगापूरचं नाईट सफारी यात धरूच नका, ते १९९४ ला सुरू झालेलं प्राणिसंग्रहालय आहे, छान आहे, पण जंगल नाही.)

या घोळाचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे कोस्टा रिकाचं कोर्कोवाडो. १९७५ मध्ये झालेलं नॅशनल पार्क, पॅसिफिक किनाऱ्याला लागून घनदाट रेनफॉरेस्ट, आणि २०१४ पासून सर्टिफाइड गाईडशिवाय आत सोडतच नाहीत. मुक्कामाची मुख्य जागा सिरेना नावाचं रेंजर स्टेशन, तिथे रस्ता जात नाही, ड्रेक बे किंवा पुएर्तो हिमेनेझ या जवळच्या गावांहून बोटीनं जायचं नाहीतर दिवसभर तंगडतोड करत चालत जायचं. बोट थेट किनाऱ्यावर लावतात, चपला हातात घेऊन गुडघाभर पाण्यात उतरायचं. स्टेशनवर छपराखाली ओळीनं बंक बेड, प्रत्येकावर मच्छरदाणी, भिंती जवळपास नाहीतच, आणि लाइट इतके लवकर बंद होतात की शहरात आपण त्या वेळेला जेवायचं काय याचा विचार करत असतो. आणि हो, रात्री ट्रेलवर जायला बंदी. म्हणजे पार्कच्या अगदी पोटात झोपायचं पण नाईट वॉक नाही. नाईट वॉक करायचाय तर तो ड्रेक बेला, पार्कच्या बाहेरच्या जंगलात, तिथे रोज संध्याकाळी ग्रुप निघतात आणि लाल डोळ्यांचे बेडूक, कोळी, झोपलेले पक्षी, नशीब असेल तर एखादा साप असं बरंच काही दिसतं. लोक सिरेनाचा मुक्काम बुक करतात आणि मनात ड्रेक बेचा नाईट वॉक घेऊन जातात, मग रात्री आठला मच्छरदाणीत आडवं पडल्यावर वाटतं की फसवलं. फसवलं नसतं, आपण वेगळी वस्तू घेतलेली असते.

मग मुक्कामात मिळतं काय? आधी दिवसाच्या ट्रिपचं गणित बघा. ड्रेक बेहून डे ट्रिपची बोट सकाळी सहाच्या आसपास निघते, तासा-दीड तासात पोचते, आणि दुपारी परत फिरते. म्हणजे तुम्ही आत पाय ठेवता तेव्हा उजाडून बराच वेळ झालेला असतो आणि ऊन चढून जंगल गप्प व्हायला लागतं तोवर तुम्ही चालत असता. मुक्कामाला असाल तर पहाटे अंधार फिटता फिटता हाउलर माकडं जी बोंब ठोकतात ती किलोमीटरच्या किलोमीटर ऐकू जाते, त्यानंच जाग येते, आणि ट्रेलवर जायची परवानगी सुरू झाली की तुम्ही आधीच आत असता, बाकीच्यांच्या बोटी यायला अजून वेळ असतो. टॅपिर, म्हणजे ते छोट्या सोंडेसारखं नाक असलेलं गाईगुरांएवढं जनावर, रात्रभर चरून याच सुमाराला चिखलात नाहीतर सावलीत बसायला निघालेलं असतं. दुपारी दिसलं तर झोपलेलंच दिसतं. चार जातींची माकडं त्या जंगलात आहेत आणि चारही सकाळी लवकर खायला बाहेर पडतात.

एक गोष्ट मात्र पॅकेजवाले नीट सांगत नाहीत. दोन दिवस एक रात्र म्हटलं की दुप्पट वाटतं, पण पहिली सकाळ बोटीत जाते आणि दुसरी दुपार परतीत, हातात येते एक संध्याकाळ आणि एक पहाट. त्यातली एक पावसानं खाल्ली की संपलं. माझं मत विचाराल तर मुक्काम करायचाच असेल तर दोन रात्री करा, नाहीतर डे ट्रिप आणि बाहेरचा नाईट वॉक हे कॉम्बिनेशन पैशाला जास्त वसूल आहे.

विषुववृत्ताजवळ रात्रीचं वेळापत्रकही वेगळं चालतं, हे आधी डोक्यात बसवलं तर दोन्हीतला फरक लगेच कळतो. तिथे दिवस आणि रात्र वर्षभर साधारण बारा-बारा तासांचे, आणि सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो त्यामुळे संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतो. साडेसहा-सातला किर्र अंधार. त्यामुळे नाईट सफारीसाठी जागरण वगैरे करावं लागत नाही, आठला निघून दहाला परत, लहान मुलंसुद्धा आरामात येतात. आणि त्यानंतरही आठ तास रात्र शिल्लक असते, जी मुक्कामवाला फक्त ऐकतो. मलेशियाकडच्या जंगलात एक मोठा सिकाडा, म्हणजे झाडावर बसून कर्कश आवाज करणारा किडा, आहे, त्याला सहा वाजताचा सिकाडाच म्हणतात, सूर्य बुडताना करवत चालवल्यासारखा ओरडतो आणि मग गप्प, त्याच्यानंतर बेडूक आणि रातकिडे सुरू. गेटबाहेरच्या हॉटेलात एसी लावून झोपलेल्याला यातलं काही कळत नाही.

आता टॉर्चची बाजू, कारण ती पण भारी आहे आणि तिला कमी लेखायचं नाही. बऱ्याच निशाचर प्राण्यांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला एक परावर्तक पडदा असतो, प्रकाश त्यावरून उलटा येतो म्हणून डोळे चमकतात. पण तो प्रकाश ज्या दिशेनं गेला त्याच दिशेनं परत येतो, म्हणून टॉर्च कमरेजवळ धरून फिरवणाऱ्याला काहीच दिसत नाही आणि शेजारी गाईड कपाळाशी टॉर्च लावून दर दोन मिनिटांनी काहीतरी दाखवत असतो. टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरा, एवढंच करायचं असतं. मग पहिल्यांदा जे दिसतं ते म्हणजे जमिनीवर पालापाचोळ्यात दवाचे थेंब सांडल्यासारखे हिरवट-निळसर ठिपके, जवळ जाऊन वाकून बघितलं की प्रत्येक ठिपक्याला आठ पाय असतात. कोळी. नदीकाठी लालसर-नारिंगी जोडी दिसली तर मगर किंवा केमन, म्हणजे मगरीचाच अमेरिकेतला भाऊबंद. झाडावर उंच हळू सरकणारे दोन डोळे म्हणजे आशियात लोरिस, म्हणजे माकडाच्या नात्यातला मोठ्या डोळ्यांचा छोटा प्राणी, असू शकतो. टार्सियर, म्हणजे माकडाच्याच नात्यातला मूठभर प्राणी, मात्र निशाचर असून त्याच्या डोळ्यांत हा पडदाच नाही, आणि सापाचेही डोळे असे चमकत नाहीत, ते गाईड आकारावरून शोधतात, आणि इथेच चांगला गाईड आणि नुसता टॉर्चवाला यांच्यातला फरक दिसतो. चांगला गाईड प्राणी सापडल्यावर प्रखर लाइट त्याच्या तोंडावर धरून ठेवत नाही, बाजूला घेतो नाहीतर लाल फिल्टर लावतो. फोटोसाठी फ्लॅश मारा म्हणणारा गाईड असेल तर पुढच्या वेळी दुसरा बघा.

दोन्ही एकत्र मिळतं अशीही एक जागा असते, ती म्हणजे दबा धरून बसायची झोपडी. मलेशियाचं तामान नेगारा, १९३८-३९ मध्ये राखीव झालेलं, ४३४३ चौरस किलोमीटरचं, तिथे अशा झोपड्यांना बुंबुन म्हणतात. समोर मोकळी जागा, तिथे सॉल्ट लिक, म्हणजे खनिजं असलेली माती किंवा पाणी, पाल्यात सोडियम कमी असतं म्हणून शाकाहारी प्राणी ते चाटायला येतात. आत बंक, वीज नाही, खिडकीसारखी लांब फट, आणि रात्रभर पाळी लावून एकेकानं जागायचं. टॅपिर, सांबर, भेकर येऊ शकतात. उंदीर येतातच, तेही आत, तुमच्या बिस्किटांसाठी, त्यामुळे खाणं उघडं ठेवायचं नाही. इथे गाईड फिरवत नाही, तो गप्प बसायला शिकवतो, आणि खरं सांगू, सगळ्यांना हे झेपत नाही. कित्येक जण साडेनऊलाच घोरायला लागतात.

चंद्राचा हिशोब पण दोन्हीकडे उलटा लागतो. टॉर्च घेऊन फिरायचं असेल तर अमावास्येच्या आसपासच्या काळोख्या रात्री बऱ्या, डोळे लांबून चमकतात, आणि बरेच छोटे निशाचर प्राणी पौर्णिमेला उघड्यावर यायचं टाळतात कारण शिकाऱ्यालाही ते दिसतात. बुंबुनसारख्या झोपडीत मात्र चांदणं पाहिजे, मोकळ्या जागेवर उजेड पडला तर टॉर्च न लावता आकार कळतो, आणि टॉर्च लावला की आलेलं जनावर जाऊ शकतं. पावसाचंही तसंच, पाऊस थांबल्या थांबल्या नाईट वॉकला बेडकांची जत्रा असते, आणि मुक्कामाच्या पत्र्यावर तोच पाऊस रात्रभर वाजला की दुसरं काही ऐकूच येत नाही.

नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे आहेत आणि यातच सगळा खेळ आहे. मादागास्करमध्ये नॅशनल पार्कच्या आत नाईट वॉकला बंदी, म्हणून अंदासिबे नावाच्या पार्कला लोक पार्कच्या कडेच्या रस्त्यावरून किंवा शेजारच्या गावकऱ्यांच्या संस्थेच्या जंगलात फिरतात आणि तिथेच माउस लेमूर, म्हणजे उंदराएवढा लेमूर, बघतात, कुणाला काही कमी वाटत नाही. केनियात मसाई मारा रिझर्व्हच्या आत मुक्काम मिळतो पण रात्री गाडी फिरवता येत नाही, शेजारच्या खासगी कॉन्झर्व्हन्सीत, म्हणजे खासगी राखीव जंगलात, येते, म्हणून तिथला कॅम्प निवडायचा तो यावरून. झांबियाचं साउथ लुआंग्वा उलटं, पार्कच्या आतच स्पॉटलाइट लावून गाडी फिरवतात, दुपारी चारच्या सुमाराला निघालेली गाडी सूर्यास्ताला थांबते आणि मग बिबट्या शोधत आठपर्यंत. थायलंडचं खाओ याई, त्या देशाचं पहिलं नॅशनल पार्क, १९६२ चं, तिथे आत तंबू लावता येतो आणि पार्कच्याच पिकअपमधून तासाभराची स्पॉटलाइट फेरीही मिळते, म्हणजे दोन्ही, पण फेरी डांबरी रस्त्यावरून, सांबर, साळिंदर, उदमांजर दिसतं, आणि सांबर तर कधी कधी तंबूच्या बाजूलाच चरत असतं.

तब्येतीच्या बाबतीत थोडक्यात. मलेरियाचा डास मुख्यतः संध्याकाळ ते पहाट चावतो, त्यामुळे मलेरिया असलेल्या भागात मुक्काम असेल तर मच्छरदाणी आणि गोळ्यांबद्दल जायच्या आधी डॉक्टरला विचारणं आलंच, पण दोन तासांच्या नाईट वॉकलाही पूर्ण बाह्या पाहिजेत, फक्त मुक्कामवाल्यांचा प्रॉब्लेम समजू नका. आशियातल्या जंगलात जळवा, त्यासाठी लीच सॉक्स. आणि हाताला डास पळवायचं क्रीम लावलं असेल तर बेडकाला हात लावायचा नाही, त्याची कातडी सगळं शोषून घेते. तसंही हात लावायचाच नाही म्हणा.

बुकिंगची पद्धतही एकसारखी नाही. नाईट सफारी बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी मिळून जाते. आतला मुक्काम म्हणजे मोजके बेड, पासपोर्टवरची माहिती आधी द्यावी लागते, परमिट नावावर निघतं आणि सीझनला आठवडे आधी संपतं, मग एजंट तुम्हाला गेटबाहेरचं लॉज देऊन तेच नाव ठेवतात. म्हणून पैसे भरायच्या आधी मेसेजवर, लेखी, विचारून घ्या: बेड पार्कच्या आत आहे का बाहेर, अंधार पडल्यावर बाहेर नेणार का आणि कुठे, परमिट आणि गाईडची फी किमतीत धरलीये का, गाईड लायसन्सवाला आणि दोन्ही दिवस तोच आहे का, आणि पहाटे किती वाजता निघणार. शेवटच्या प्रश्नाला नाश्ता करून आठला असं उत्तर आलं तर तो मुक्काम घेऊ नका, आठला तर डे ट्रिपवाले पण पोचलेले असतात.