माळ म्हणजे तुटलेलं जंगल नाही

आपल्याकडं बीड, धाराशिवकडं एक गोष्ट लहानपणापासून ऐकतो, की माळावर आधी दाट जंगल होतं, लोकांनी तोडलं म्हणून आता नुसतं गवत उरलंय. काही ठिकाणी झाडं तुटली हे खरंच आहे, पण सगळ्या माळांना हे लावणं चूक आहे.

झाडाला विचारा ना, ते कुठलं आहे ते. कुसळी आणि पवन्या ही गवतं कडक उन्हाची, सावली दाट झाली की मरतात. कुसळीच्या बीचं शेपूट ओल लागली की पीळ सोडतं, वाळलं की परत पिळतं, आणि बी आपोआप जमिनीत शिरतं, गवताचे वाढीचे कोंब बुडाशी असतात म्हणून गुरांनी खाल्लं, वणवा लागला तरी पाऊस पडला की परत फुटतं. पळस जळाला तर मुळातून फुटतो. सफेद मुसळी, खरचुडी उन्हाळाभर जमिनीखाली कंदात झोपतात आणि पावसात वर येतात. हे गुण दाट सावलीत जगायला आलेले नाहीत, उघड्यावर, ऊन, चराई आणि आगीत जगायला आलेत, आणि हे काय पन्नास-शंभर वर्षांत होत नसतं!

सरकारी नोंदीत इंग्रजांच्या काळापासून असल्या जमिनीला पडीक म्हणतात, म्हणून मग तिथं गिरिपुष्पासारखी परदेशी झाडं लावायची घाई होते. सावली वाढली की कुसळी जाते, आणि उघडं गवत लागणाऱ्या माळढोकाला जागा राहत नाही. झाडं लावायचीच तर बांधावर, गावठाणात, ओढ्याच्या काठी लावा.