‘बॉर्डरलाइन’ : एका निदानाची पार्श्वभूमी

बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराचे (ज्यात भावना, नाती आणि स्वतःविषयीची प्रतिमा सतत अस्थिर राहते) निदान ऐकल्यावर नातेवाईक हटकून विचारतात, की ही सीमारेषा कशाची? तिचे मूळ जुन्या वर्गीकरणात आहे. न्यूयॉर्कचे मनोविश्लेषक अॅडॉल्फ स्टर्न यांनी 1938 मध्ये अशा रुग्णांचा एक गट नोंदवला, जे न्यूरोसिसमध्ये (वास्तवाचे भान शाबूत असलेले, चिंतेसारखे त्रास) बसत नव्हते आणि सायकोसिसमध्येही (वास्तवाचे भान सुटणारे आजार) नाही, म्हणजे दोहोंच्या सीमेवर होते, आणि ज्यांना नेहमीच्या मनोविश्लेषणाने गुण येत नव्हता. डॉक्टरांची ही अडचणच पुढे विकाराचे नाव होऊन बसली. 1980 मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने हे निदान आपल्या अधिकृत यादीत घेतले. तोवर ‘हे रुग्ण अवघड, बरे न होणारे’ हा शिक्का घट्ट बसला होता. या शिक्क्याने रुग्णांचे फार नुकसान केले, असे माझे स्पष्ट मत आहे.

तो पुसायला सुरुवात केली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी. रुग्णाला फक्त ‘बदल’ म्हटले तर तो दुखावतो आणि फक्त समजून घेतले तर त्याचे हाल तसेच राहतात, हे ओळखून त्यांनी स्वीकार आणि बदल यांची सांगड घालणारी डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी उभी केली. यात रुग्ण रोज एका तक्त्यात स्वतःला इजा करण्याची ऊर्मी किती तीव्र होती याचा आकडा लिहितो. ती अनावर झाली तर श्वास रोखून गार पाण्यात चेहरा बुडवण्यासारखे शरीर शांत करणारे उपाय शिकतो (हृदयविकार असल्यास हा उपाय डॉक्टरांना विचारूनच करावा). 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, वर्षभर हे उपचार घेतलेल्या स्त्रियांमध्ये स्वतःला इजा करण्याचे प्रकार कमी आढळले आणि उपचार अर्ध्यावर सोडणाऱ्याही कमी होत्या. औषधे मात्र सोबतच्या नैराश्यासारख्या त्रासांपुरतीच उपयोगी पडतात. मूळ विकारावर मान्यताप्राप्त औषध नाही.

2011 मध्ये लिनेहान यांनी जाहीरपणे सांगितले, की 1961 मध्ये, सतराव्या वर्षी, अमेरिकेतील हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात त्या स्वतः दाखल होत्या आणि तेव्हा त्यांच्यावर स्किझोफ्रेनियाचे निदान लादले गेले होते. त्याच सुमारास अमेरिकन संशोधक मेरी झानारिनी यांच्या दीर्घ अभ्यासातून दिसले, की दहा वर्षांत बहुसंख्य रुग्णांची लक्षणे ओसरतात, पण नोकरी आणि नाती सावरायला अधिक काळ लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या वर्गीकरणात व्यक्तिमत्त्व विकाराचे जुने प्रकार गेले आणि विकार सौम्य, मध्यम की तीव्र हे आधी ठरवले जाऊ लागले. ‘बॉर्डरलाइन’ हा शब्द तिथे एक जोड-नोंद म्हणून उरला आहे.