ऑनलाइन शब्दकोशात ज्ञानेश्वरीतली ओवी द्यायची आहे? पात्रता, कागदपत्रं आणि पद्धत

‘व्यंकटी’ हा शब्द घ्या. पसायदान तोंडपाठ असलेल्या शंभरजणांना अर्थ विचारला तर निम्मे तरी अडखळतील. वाकडेपणा, खळांच्या बुद्धीतला वाकुडपणा. विक्शनरीसारख्या खुल्या कोशात ही नोंद करताना अर्थाखाली ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ हे अवतरण हवंच. मीही ते दिलं होतं. लग्नात वाटलेलं पसायदानाचं गुळगुळीत कार्ड समोर ठेवून, संदर्भ म्हणून नुसतं ‘ज्ञानेश्वरी’ लिहून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी चर्चा पानावर एकच प्रश्न होता: ‘कुठली?’ राग आला, पण प्रश्न रास्त होता.

पात्रता: काही नाही. वयाची, पदवीची, रहिवासाची अट नाही, शुल्क नाही. खाते काढायला खरं नाव लागत नाही. ईमेल ऐच्छिक आहे, पण द्याच. पासवर्ड विसरलात तर परत मिळवायचा तोच मार्ग आहे.

खरं काम कागदपत्रांचं, म्हणजे आपण वापरलेली प्रत कोणती ते सिद्ध करण्याचं. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे इ. स. १२९०ची. पण ज्ञानदेवांच्या काळातली पोथी आज कुणाच्या हाती नाही. एकनाथांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये पाठभेदांनी भरलेली पोथी शुद्ध केली आणि बजावलं की यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवली. तरी पाठभेद राहिलेच. १९०९ मध्ये इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी आपल्याला मिळालेल्या जुन्या पोथीवरून वेगळी ज्ञानेश्वरी छापली. तिच्यातली रूपं पारायणाच्या प्रतीपेक्षा जुन्या वळणाची आहेत आणि ओव्यांची संख्याही जुळत नाही. म्हणजे ‘ज्ञा. १८.१७९५’ एवढंच लिहिलं तर सांप्रदायिक, म्हणजे पारायणाच्या, प्रतीत ‘व्यंकटी’ची ओवी बरोबर सापडेल, पण राजवाडे प्रत उघडून बसलेला माणूस भलत्याच ओवीवर बोट ठेवील.

तुकोबांचं तर विचारूच नका. इंदुप्रकाश छापखान्याची गाथा १८६९ आणि १८७३ अशी दोन भागांत आली. त्यानंतरच्या गाथांनी अभंगांचे क्रम आपापल्या सोयीने लावले. एकच अभंग एका गाथेत शंभराच्या आत, तर दुसरीत हजाराच्या पुढे असू शकतो. म्हणून गाथेसाठी क्रमांकाबरोबर अभंगाचा पहिला चरणही लिहावा, हा माझा हट्ट आहे.

तर पुस्तकाच्या चार पानांचे फोटो काढून ठेवा. पहिला शीर्षकपानाचा. दुसरा त्याच्या मागच्या पानाचा, जिथे आवृत्ती आणि पुनर्मुद्रण वेगवेगळं छापलेलं असतं (पाचवं पुनर्मुद्रण म्हणजे पाचवी आवृत्ती नव्हे, हा घोळ फार होतो). तिसरा ओवीच्या पानाचा, पृष्ठांक दिसेल असा. चौथा प्रस्तावनेतल्या त्या परिच्छेदाचा, जिथे संपादक कोणत्या पोथीवरून छापलं ते सांगतो. हा चौथा बहुतेकजण विसरतात आणि नेमका तोच सगळ्यात कामाचा. जुन्या पुस्तकावर फक्त शके असेल तर ७८ मिळवा, आणि साल जानेवारी ते गुढीपाडवा या काळातलं असेल तर ७९.

पुण्यात असाल तर प्रती शोधायला फार फिरावं लागत नाही. पारायणाची प्रत अप्पा बळवंत चौकात मिळेल. जुन्या छापील आवृत्त्यांसाठी पुणे नगर वाचन मंदिर (स्थापना १८४८), महाराष्ट्र साहित्य परिषदेचं ग्रंथालय आणि भारत इतिहास संशोधक मंडळ. हे मंडळ १९१० मध्ये उभं करण्यात राजवाड्यांचाच पुढाकार होता. हस्तलिखितच पाहायचं असेल तर भांडारकर संस्था किंवा मंडळ, पण तिथे आधी फोन करा. ओळखपत्र, काम सांगणारा छोटा अर्ज आणि फोटो काढायची परवानगी, ही तयारी ठेवूनच जा. दुपारी एक ते चारच्या भानगडीत पडू नका, एवढं पुणेकराला सांगावं लागू नये.

शुद्धलेखनाचा प्रश्न हमखास येतो. कार्डावर ‘आता विश्वात्मके देवे’ असतं, पोथीत ‘आतां विश्वात्मकें देवें’. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढले, पण त्याच नियमांत केशवसुतपूर्व पद्यातले उतारे मुळानुसार छापावेत असंही म्हटलं आहे. कार्ड छापणाऱ्यांनी हा नियम वाचलेला नसतो. आपण अनुस्वार आपल्या मनाने घालायचे नाहीत आणि काढायचेही नाहीत. हातातल्या प्रतीत जसं आहे तसं. चूक वाटली तर टीप द्या, अवतरणाला हात लावू नका.

मांडणी साधारण अशी: ‘१२९० – ज्ञानेश्वर, ज्ञानेश्वरी, अध्याय १८, ओवी १७९५ (क्रमांक सांप्रदायिक प्रतीचा), संपादक …, प्रकाशक …, आवृत्ती …, साल …, पृ. …’. सुरुवातीचं साल रचनेचं, शेवटचं आपल्या प्रतीचं. दोन्ही लागतात, कारण शब्द तेराव्या शतकातला असला तरी तुम्ही पाहिलेलं रूप त्या छापखान्याचं आहे. इंग्रजी विक्शनरीत नोंद करत असाल तर तिथे ‘जुनी मराठी’ ही वेगळी भाषा धरली आहे. ज्ञानेश्वरीचं अवतरण त्या मथळ्याखाली जातं, आजच्या मराठीखाली नाही.

दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशातून अवतरण उचलायचा मोह होतो, कारण तो ऑनलाइन आहे आणि ‘ज्ञा.’ (ज्ञानेश्वरी), ‘तुगा.’ (तुकारामांची गाथा) असे संक्षेप तयारच मिळतात. उचला, पण ‘दाते-कर्वे यांनी दिल्याप्रमाणे’ असं लिहा. मूळ पान पाहिल्यासारखं भासवू नका. विकिस्रोत या खुल्या ऑनलाइन ग्रंथालयात पुस्तकाचं स्कॅन असेल तर त्या पानाचा दुवा द्या. पानाचा रंग आधी बघा: हिरवं म्हणजे दोघांनी तपासलेलं, पिवळं एकाने, लाल म्हणजे अजून कुणीच नाही. लाल पानावरचा मजकूर स्कॅनशी स्वतः ताडून घ्या.

हक्कांबाबत थोडक्यात. ओवी सगळ्यांची आहे. संपादकाची प्रस्तावना, टीपा आणि अर्वाचीन मराठीतला अर्थ मात्र लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षित असतो आणि ही वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. १९७० मध्ये वारलेल्या संपादकाच्या टीपा २०३० संपेपर्यंत तशाच उतरवायच्या नाहीत.

कुणी तुमचं अवतरण काढलं तर लगेच परत घालू नका. नोंदीच्या चर्चा पानावर प्रत, साल, पृष्ठ लिहा. त्या पानाचा फोटो कुणी मागितला तर दाखवता येतो, म्हणूनच तो काढून ठेवायला सांगितलं. माझी ‘व्यंकटी’ तशीच परत आली. मात्र ‘जे’ होतं तिथे आता ‘जें’ आहे, कारण दुसऱ्या खेपेला मी पोथी पाहून लिहिलं.